रांगेतली आठवी जागा

मुलांना रांगेत उभं करायची माझी एक ठरलेली पद्धत आहे. हात बाजूला पसरायचे, बोटांची टोकं शेजारच्याच्या खांद्याला टेकली पाहिजेत, मग हात खाली. एवढ्या अंतरात भरलेली बादली हातोहात फिरते आणि कुणाच्या पायावर पडत नाही. शिवाय बादली हातात आली की तिच्या अंगावर एक थाप मारायची आणि मगच ती पुढे द्यायची. थाप मारायची असली की मुलाचं लक्ष इकडेतिकडे जात नाही. एकोणचाळीस वर्षं शाळेत मी याच पद्धतीनं झाडांना पाणी घालून घेतलं, वाचनालयाची पुस्तकं हलवली.

म्हणून घरामागचा बोळ साफ करायचा ठरला तेव्हा आसपासच्या घरांतल्या सातही मुलांना मी तसंच उभं केलं.

बोळाच्या एका बाजूला आमची घरं, म्हणजे मागची दारं, सांडपाण्याचे पाइप आणि वाळत टाकलेली पायपुसणी. दुसऱ्या बाजूला लांबलचक आंधळी भिंत. त्या भिंतीआड पूर्वी शाळा होती, आता पुठ्ठ्याच्या खोक्यांचं गोदाम आहे. शाळेचं मागचं दार विटांनी बुजवलंय, पण चौकटीची रेघ अजून दिसते. माझी पहिली नोकरी त्याच शाळेतली. एकच वर्ष होते मी तिथं. पुढे बदल्यांच्या मागे गावं फिरले, आणि निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आले तर त्याच्या घराचं मागचं दार नेमकं याच बोळात उघडत होतं.

बोळात काय नव्हतं! फुटकी सिंकं, टीव्हीचे सांगाडे, भिजून फुगलेल्या गाद्या, तीन चाकांची एक बाबागाडी. बाग करायची कल्पना माझ्या नातीची. ती नऊ वर्षांची आहे आणि दिवसभर काही ना काही गुणगुणत असते, म्हणून तिला सगळे भुंगी म्हणतात.

"बाई, या बोळात बाग?" टेलरमामा आपल्या मागच्या दारात उभे राहून म्हणाले. त्यांचं शिवणकामाचं दुकान आमच्या शेजारीच आहे. वडिलांच्या हाताखाली ते पोरसवदा असल्यापासून तिथंच बसतात. "इथून उंदीरसुद्धा नाक दाबून जातो."

"मग उंदरांना चांगला रस्ता करून देऊ. तुम्ही जुन्या चिंध्या द्या, मुलांचे हात बांधायला."

"चिंध्या देतो, सल्लाही देतो. कंबर मात्र वाकवणार नाही, आधीच सांगतो."

पहिल्या दिवशी मी आमच्या पायरीवर बसून काचेचे तुकडे डब्यात वेचत होते. नजर खाली होती, पण कान रांगेकडे होते. बादली निघाली की थापा ऐकू यायच्या. धप्, धप्, धप्. मला मोजायची सवय आहे, मुद्दाम मोजावं लागत नाही. आठ झाल्या.

मी वर पाहिलं. मुलं सात. टोकाला भुंगी बादली रिकामी करत होती.

"कोण दोनदा मारतंय?"

"कुणी नाही, आजी."

पुन्हा बादली निघाली. या वेळी मी बघत होते. पाचवा आणि सहावा यांच्यात दुप्पट जागा सुटली होती. पाचव्यानं बादली पुढे केली, सहाव्यानं ती घेतली. पण त्याला हात लांब करावा लागला नाही. आणि थापा आठच झाल्या.

"सरका रे, जागा भरून काढा," मी म्हटलं. मुलं सरकली. तीन बादल्यांनंतर बघते तर जागा पुन्हा तेवढीच. मनात म्हटलं, मुलं आहेत, पाय हलतातच. मुलांच्या बाबतीत मी घाईनं काही ठरवत नाही. एके काळी ठरवत असे.

*

रोपं कुठून आणायची हा प्रश्न टेलरमामांनी सोडवला. दोन गल्ल्या पलीकडे एक रोपवाटिका आहे. ती चालवणाऱ्या बाईंना सगळे रोपवाल्या ताई म्हणतात. पंचावन्नच्या असतील. उरलेली रोपं फेकण्याऐवजी तुम्हाला देते, असा त्यांनी निरोप पाठवला आणि सांगितल्या वेळेला हातगाडी घेऊन त्या बोळाच्या तोंडाशी आल्या.

आल्या, पण हाक मारली नाही. आम्ही कामात होतो. बऱ्याच वेळानं भुंगी धावत आली.

"आजी, त्या ताई लपाछपी खेळतायत का? त्यांच्यावर राज्य आलंय?"

मी जाऊन पाहिलं. त्या कोपऱ्यावर उभ्या होत्या. हात पाठीमागे बांधलेले, तोंड भिंतीकडे. कपाळ आणि भिंत यांत वीतभर अंतर. माझी चाहूल लागताच त्या वळल्या आणि ओशाळून हसल्या.

"सवय आहे. वाट बघताना अशीच उभी राहते."

"मग आत या ना, ताई. मुलांनी काय काय केलंय ते बघा."

"नको. इथंच बरं आहे."

मी आग्रह केला. त्यांनी पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "रागावू नका. मला आत जाता येत नाही. जिथं आत माणसं असतात तिथं पाय उचलत नाही. लोक या म्हणतात, तरी नाही. नवरा होता तोवर हाताला धरून न्यायचा. तो नावही घ्यायचा माझं, पण नुसत्या नावानं नाही जमायचं, ओढावं लागायचं." बोलता बोलता त्या रोपांची पानं पुसत होत्या. "दोन वर्षांपूर्वी आई दवाखान्यात होती. शेवटचे दोन तास. मी वॉर्डाच्या दाराशी उभी होते. नर्स दोनदा म्हणाली, जा की आत. नाही गेले."

मी गाडीवर कलंडलेलं एक रोप सरळ केलं.

"आता मुलीचे दिवस भरत आलेत. पुढच्या महिन्यात. म्हणते, आई, त्या वेळी तू माझ्याजवळ हवीस, बाहेर बसायचं नाही. मी हो म्हटलंय." त्यांनी गाडीवरचा ट्रे माझ्या हातात दिला. "हो म्हणून तर बसलेय."

ट्रे देताना त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग गाडी वळवून निघून गेल्या.

*

बोळात ऊन फार थोडा वेळ यायचं. कुठं किती येतं ते कळल्याशिवाय वाफे पाडण्यात अर्थ नव्हता. मी मुलांना खडू दिले. उन्हाची कड जमिनीवर जिथं असेल तिथं दर दहा मिनिटांनी रेघ ओढायची आणि वेळ लिहायची. मुलांना हे काम फार आवडलं. सूर्य चालतो ते डोळ्यांनी दिसतं म्हणाली.

पावणेबाराला ऊन यायचं, सव्वाला जायचं. दुपारी मी रेघा बघायला उतरले. सगळ्या सरळ होत्या, कारण छपराची कड सरळ होती. फक्त बुजवलेल्या दाराजवळ, बाराच्या आसपास ओढलेल्या तीन रेघांना एकेक फुगवटा होता. गोलसर, नारळाएवढा.

"इथं हात का हलला?"

"नाही हलला," रेघ ओढणारा मुलगा म्हणाला. "सावली तशीच होती. आम्ही सावलीवरूनच काढलं."

मी वर पाहिलं. छपरावर टाकी नव्हती, पाइप नव्हता, पक्षीही नव्हता. मुलगा खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणारं मूल डोळे मोठे करतं, हा नुसता खडू झटकत होता.

आम्ही भिंतीला चुना लावला, जमिनीवर ओले पुठ्ठे अंथरले, त्यावर माती टाकली, विटांच्या कडा केल्या. पालक, घेवडा, झेंडू लावले. रंगाच्या रिकाम्या डब्यांना बुडाशी भोकं पाडून त्यांत टोमॅटो. मागच्या दारांमधून माणसं डोकावायला लागली. कुणी झारी दिली, कुणी जुनी खुर्ची आणून ठेवली. टेलरमामांनी कंबर वाकवली नाही, पण रोज बसल्या जागेवरून सूचना दिल्या.

आठ दिवसांत पालक वर आला. बुजवलेल्या दाराशेजारच्या वाफ्यात मात्र दोन जागा मोकळ्या राहिल्या. हाताच्या पंजापेक्षा थोड्या मोठ्या, लांबट, शेजारीशेजारी. मी पुन्हा बी टाकलं. पाणी घातलं की आजूबाजूची माती ओली व्हायची आणि तेवढ्या दोन जागा कोरड्या राहायच्या, जणू वर काहीतरी ठेवलेलं आहे. चार दिवसांनी हिरवळ दाट झाली तसा आकार स्पष्ट झाला. दोन पावलं. लहान मुलाची, अनवाणी. टाचा आमच्याकडे, बोटं भिंतीकडे.

भुंगी माझ्याशेजारी बसून गुणगुणत होती. ती सहज म्हणाली, "तिथं नको ना सारखं बी टाकूस. तिला गुदगुल्या होत असतील."

"कुणाला?"

"माहीत नाही. ती पाठमोरी असते."

"तुला दिसते?"

"दिसत नाही गं. पण आहे ना. म्हणून तर आम्ही जागा सोडतो." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की एवढं साधं आजीला कसं कळत नाही.

दुपारचे बारा वाजले होते, बोळात लख्ख ऊन होतं, वरच्या मजल्यावर कुणीतरी कुकर लावला होता. तरी मला मागे वळून पाहावंसं वाटेना.

*

मी टेलरमामांकडे गेले. ते काज करत होते.

"मामा, तुम्ही इथं किती वर्षं आहात?"

"पन्नास होतील. का? सत्कार करताय?"

"त्या बुजवलेल्या दाराजवळ कधी काही झालं होतं का? एखादं मूल?"

त्यांनी सुई थांबवली. "बाई, मला वाटलं होतं तुम्हाला माहीत आहे. म्हणूनच तुम्ही बाग करताय."

"काय माहीत आहे?"

"मी तेव्हा पंधराचा असेन. एक मुलगी उभी होती तिथं. पहिलीदुसरीतली. भरदुपारी बाहेर काढलेली. शाळा सुटली, दारं बंद झाली, ती तशीच. मी म्हटलं, अगं, जा घरी. तर म्हणाली, बाईंनी हाक मारलेली नाही. अंधार पडायला तिचे वडील शोधत आले. ती येईना. शेवटी उचलून नेली, तर पाय ताठ. उभी होती तशीच्या तशी, फळी उचलावी तशी." त्यांनी दोरा तोडला. "रोपवाल्या ताई त्या. त्यांना मी कधी विचारलं नाही. पण ती बाई कोण होती ते मला ठाऊक होतं. तुम्ही नवीनच आला होतात त्या वर्षी."

मी खुर्चीवर बसले.

अठ्ठेचाळीस वर्षं. माझी पहिलीच नोकरी, दुसरीचा वर्ग. एक मुलगी होती, मी प्रश्न दुसऱ्याला विचारला तरी हीच उत्तर द्यायची. बरोबर द्यायची, त्याचाच मला राग. त्या दिवशी मी तिला मागच्या दारानं बोळात काढलं. म्हटलं, तोंड भिंतीकडे. मी नाव घेऊन हाक मारीन तेव्हाच आत यायचं, दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून नाही. दहा मिनिटांची शिक्षा होती. तेवढ्यात ऑफिसात माझ्यासाठी फोन आला. वडील पडले होते, बोलता येत नव्हतं. मी पर्स उचलली आणि पुढच्या दारानं धावत बाहेर पडले.

बसमध्ये बसल्यावर ती आठवली नव्हती असं मी आजवर स्वतःला सांगत आले. आठवली होती. दुसऱ्या थांब्यावरच आठवली होती. मी म्हटलं, बोलावेल कुणीतरी.

नऊ दिवसांनी परत आले तर हेडमास्तर म्हणाले, त्या मुलीचं नाव काढून नेलं. मी हजेरीपटावर लाल रेघ मारली, पुढच्या मुलांचे नंबर एकेकानं वर सरकवले आणि कारण विचारलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी ताई रोपं घेऊन आल्या तेव्हा मी बोळाच्या तोंडाशी आधीच उभी होते.

"तू मला ओळखलं होतंस," मी म्हटलं. 'तुम्ही' म्हणायला जीभ वळेना.

"पहिल्याच दिवशी. आवाज तोच आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"न विचारता बोलले म्हणून तर बाहेर काढलं होतं ना, बाई?" त्या हसत होत्या. टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

मी त्यांचे हात धरले. चूक कबूल करायची तर मुलांना मी सांगते तशी, पूर्ण वाक्यात. बसमधल्या दुसऱ्या थांब्यासकट सगळं सांगितलं. मग म्हटलं, "आणि मला तुझं नाव आठवत नाही."

त्यांचा चेहरा पहिल्यांदाच उतरला.

"सांग ना मला. आत्ता हाक मारते."

"मी सांगितलं तर ती माझीच हाक होईल. स्वतःला हाका मारून झाल्यात माझ्या, हजारदा." त्यांनी बोळाच्या आत पाहिलं, त्या वाफ्याकडे. "कुणाला विचारूही नका. तुमच्या आठवणीतूनच यायला हवी ती हाक. मुलीच्या डॉक्टरनं तारीख अलीकडे आणलीय, बाई. बारा दिवस."

घरी येऊन मी विचार केला. कालची भाजी मला आठवत नाही, पण मी शिकवलेल्या पहिल्या वर्गाची हजेरी जिभेवर असते. शिक्षकांनाच कळेल हे. ती नावं सुटी आठवत नाहीत, पाढ्यासारखी ओळीनं येतात, एकाचा हात धरून दुसरं. पहिल्यापासून सुरू केलं तर जीभ मला तिच्यापर्यंत नेईल असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाराला मी बोळात उभी राहिले. मुलं रांगेत होती. मी पहिलं नाव घेतलं.

"आजी, आम्ही थाप मारू प्रत्येक नावाला?" भुंगीनं विचारलं.

"मारा."

नावं येत गेली. आश्चर्य वाटावं इतकी सहज येत गेली. नाव, थाप. नाव, थाप. चौदा. पंधरा. सोळा. सतरा. थाप.

आणि मी अठरावं नाव घेण्याआधी आणखी एक थाप पडली.

मुलांचे हात जागच्या जागी होते. बादली सतराव्या नावाला तिसऱ्या मुलाकडे होती आणि तिथंच होती. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सतरा, थाप. थाप. अठरा. तिसऱ्यांदाही तसंच. जागा कळली होती. पण जीभ त्या जागेवरून उडी मारून पुढे जात होती, कारण मीच तिला तशी शिकवली होती. लाल रेघेनंतर वर्षभर रोज सकाळी मी ती जागा गाळून हजेरी घेतली होती. पाठांतर किती पक्कं असतं ते मी मुलांना आयुष्यभर सांगत आले.

अकरा दिवस मी रोज हजेरी घेतली. रोज बाराला एक थाप जास्त पडायची, आणि रोज ती आधीपेक्षा हळू व्हायची. पालक वीतभर उंच झाला होता. पावलांच्या दोन जागा तशाच होत्या, पण कडेची पानं आत वाकायला लागली होती. भुंगी म्हणाली, "आजी, ती थकलीय."

ताई रोज येत होत्या. ट्रे ठेवायच्या, कोपऱ्यावर भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या, सव्वाला ऊन गेलं की जायच्या. एकमेकींशी आम्ही बोलत नव्हतो. अकराव्या दिवशी जाताना म्हणाल्या, "उद्या मुलीला दाखल करतायत. संध्याकाळची गाडी आहे."

*

बाराव्या दिवशी मी हजेरी घेतली नाही. मुलांना रांगेत उभं केलं आणि वाफ्यात उतरले. वर्गात एखादं गणित मुलाला का येत नाही ते कळेनासं झालं की मी त्याच्या बाकावर जाऊन बसायची. तिथून फळा कसा दिसतो ते बघायची. इतके दिवस हे मला सुचलं नव्हतं याची लाज वाटली.

मी त्या दोन पावलांच्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. हात मागे बांधले. समोर पांढरा चुना. बाकी काही नाही. कानाशी फक्त माझा श्वास होता, आणि जरा वेळानं लक्षात आलं की तो एकटा नव्हता. माझ्या कोपराच्या खाली कुणीतरी हळू, तोंडानं श्वास घेत होतं, सर्दी झालेली मुलं घेतात तसा.

मी हलले नाही. पळावंसं वाटलं, पण या जागेवरून मी एकदा पळालेच होते. मग मी गुडघे टेकले, कारण माझ्या उंचीवरून दिसत होतं ते तिला दिसलेलं नव्हतं. आता डोळ्यांसमोर भिंतीचा वेगळा भाग आला. चुना इथंही होता, पण सपाट नव्हता. मी बोट लावलं.

खाली गिलाव्यात खोबणी होत्या. एक उभी रेघ, तिला अर्धगोल. मुलांना अक्षर शिकवताना मी त्यांचं बोट धरून वाळूत गिरवून घेत असे. तसंच माझं बोट आता कुणीतरी धरल्यासारखं त्या खोबणीतून चाललं. पहिलं अक्षर. दुसरं. वरची रेघ वाकडी, उजवीकडे चढत गेलेली. त्याखाली पुन्हा तेच नाव. त्याखाली पुन्हा. खिळ्यानं नाहीतर दगडानं कोरलेलं, दुपारपासून अंधार पडेपर्यंत. खालच्या ओळी खोल होत गेल्या होत्या. बाई हाक मारतील तेव्हा आपलंच नाव आहे हे कळावं म्हणून ती गिरवत राहिली असेल. की बाई विसरल्या तर त्यांना वाचता यावं म्हणून?

तिसऱ्या ओळीवर माझ्या तोंडातून ते नाव आपोआप आलं. सतरा आणि अठरा यांच्या मधलं.

मी मोठ्यानं हाक मारली. वर्गात मारायची तशी, शेवटचं अक्षर लांबवून. "ये बाळा. आत ये. चुकलं माझं."

"आले, बाई."

दोन ठिकाणांहून आवाज आला. एक मागून, बोळाच्या तोंडाशी, बाईमाणसाचा. दुसरा माझ्या हाताखालून, इतका जवळून की तळव्याला ऊब लागली.

मी वळून पाहिलं. ताई चालत येत होत्या. आधी एक पाऊल, मग थांबल्या, मग दुसरं, आणि मग रस्ता ओलांडताना माणसं चालतात तशा सरळ. रांगेतली मुलं, कुणी न सांगता, एकेक पाऊल सरकली. पाचवा आणि सहावा यांचे खांदे एकमेकांना लागले. ताई वाफ्याशी आल्या. त्यांनी चप्पल काढली, पालकातल्या त्या दोन कोरड्या जागांवर पाय ठेवले, आणि उचलले. त्यांच्या पावलांच्या मानानं त्या जागा केवढ्याशा होत्या.

"जा आता," मी म्हटलं. "गाडी चुकेल."

*

ताई गेल्यापासून नवव्या दिवशी टेलरमामांच्या फोनवर निरोप आला. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. ताईंनी एक वाक्य मुद्दाम सांगायला लावलं होतं: दार उघडंच होतं, मी गेले.

त्या दोन जागांत पालक फुटला. रेघांचा फुगवटा गेला, मी पुन्हा खडूनं काढून पाहिलं. बोळात संध्याकाळी माणसं बसायला लागली आहेत. टेलरमामा आता कुणालाही सांगतात की बाग त्यांच्या सल्ल्यानं झाली.

मी मात्र हाक मारली त्या दुपारी वाफ्यातून उठून घराच्या मागच्या दाराशी आले आणि उंबऱ्याबाहेर थांबले. आत सून होती, भांड्यांचा आवाज येत होता. पाय उचलेना. भुंगीनं हात धरून आत ओढलं. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. आता मी तिला शिकवून ठेवलंय, दाराशी आजी दिसली की प्रश्न विचारायचे नाहीत, हात धरायचा. ती धरते. शिकवलेलं विसरत नाही.

आणि मी गुडघे टेकले होते तिथं, भिंतीलगत, दोन जागा कोरड्या राहायला लागल्या आहेत. पहिल्या जागांपेक्षा मोठ्या. टाचा आमच्याकडे.

दीड महिन्यानं ताई परत आल्या. हातगाडी थेट बोळात आणली, नातीचे फोटो दाखवले, आणि झेंडूची रोपं उतरवताना त्यांची नजर त्या वाफ्यावर गेली. त्यांनी हातातलं रोप खाली ठेवलं. मग माझ्याजवळ पायरीवर येऊन बसल्या.

"बाई, हाक मारू?" त्यांनी हळूच विचारलं. "तुमचं नाव ठाऊक आहे मला. पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं होतंत."

मुलं पाण्याच्या बादल्या घेऊन उभी राहिली होती.

"एवढ्यात नको," मी म्हटलं. "तू अंधार पडेपर्यंत उभी होतीस."

त्यांनी मान हलवली. उठल्या आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या, हात पसरून अंतर घेतलं, जसं मी शिकवते तसं. बादली निघाली. मी डोळे मिटून मोजू लागले. सात मुलं. आठवी ताईंची.

नववी थाप भिंतीजवळून आली. मी तर पायरीवर बसले होते.